बालीतले विधी आणि गावातलं रोजचं जगणं कॅमेऱ्यात टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीचे फोटो टाकले की दर वेळी तेच पंधरा-वीस प्रश्न येतात. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. माझा मुक्काम बहुतेक वेळा उबुदच्या आसपासच्या गावांत आणि पूर्वेकडे कारांगासेममध्ये असतो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त आहेत. बीच क्लबचे फोटो कसे काढावेत हे मला विचारू नका.

बालीत फोटो काढायला परवानगी लागते का?

स्वतःच्या हौसेसाठी काढत असाल तर कागदी परवानगी लागत नाही. मोठ्या देवळांना तिकीट असतं, त्यात साधे फोटो आलेच. (पैसे घेऊन फोटो काढणार असाल तर शेवटून तिसरा प्रश्न पाहा.) बाली माणूस कॅमेऱ्याला बुजत नाही, त्याला शंभर वर्षांची सवय आहे. १९१२ च्या सुमारास ग्रेगोर क्राउझे नावाचा जर्मन डॉक्टर बांगलीत नोकरीला आला आणि हजारो फोटो काढून गेला. १९३६ नंतर ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड हे मानववंशशास्त्रज्ञ बायुंग गडे गावात राहिले, त्यांच्या फोटोंची संख्या २५,००० च्या घरात जाते. त्यामुळे ‘फोटो काढू का?’ याला बहुधा होकारच मिळतो. घोडं अडतं ते तुम्ही कुठे उभे आहात, किती उंचावर आहात आणि अंगावर काय आहे यावर.

देवळात जाताना कपडे कुठले घालायचे?

कमरेखाली सारोंग, म्हणजे बालीतलं ‘कामेन’, आणि कमरेला बांधायचा पट्टा, ‘सालेंदांग’. हे दोन्ही पुरुष-बायका सगळ्यांना लागतं. खांदे झाकलेले हवेत. पुरुषांनी डोक्याला ‘उदेंग’ बांधला तर उत्तम, आणि गावातल्या उत्सवाला तो बांधाच. मोठ्या देवळांत दारावर सारोंग मिळतो, पण शेकडो माणसांनी नेसलेला असतो. सुकावातीच्या बाजारातून स्वतःचा एक घ्या, घासाघीस चालते. ‘सारोंग माझ्या पायघोळ कुर्त्यावर नेसला तर चालेल का?’ असं बऱ्याच जणी विचारतात. चालतो, पण वरून सालेंदांग हवाच. तो नसेल तर तुम्ही अर्धवट कपड्यांत आलात असा तिथे अर्थ होतो.

विधी बघायला मिळावेत म्हणून कुठल्या तारखांना जावं?

बालीत दोन पंचांगं शेजारी-शेजारी चालतात. एक शक पंचांग, आपलंच. त्यांचं नववर्ष न्येपी. २०२३ मध्ये आणि २०२६ मध्ये ते नेमकं गुढीपाडव्याच्याच दिवशी पडलं. २०२६ मध्ये दोघांचाही शक १९४८ सुरू झाला. पण अधिक महिन्याची गणितं वेगळी असल्यामुळे २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला आला होता. तेव्हा कालनिर्णय बघून तिकीट काढू नका.

दुसरं पावुकोन, २१० दिवसांचं. त्याला चंद्र-सूर्याशी काही देणंघेणं नाही. गलुंगान हा सर्वात मोठा सण त्यावर चालतो आणि कायम बुधवारी येतो. १९ नोव्हेंबर २०२५ नंतरचा गलुंगान १७ जून २०२६ ला, त्यापुढचा १३ जानेवारी २०२७ ला. दहा दिवसांनी शनिवारी कुनिंगान. या काळात दारोदारी ‘पेंजोर’ उभे असतात: उंच वाकलेला बांबू, त्याला भाताच्या लोंब्या, नारळ, कोवळ्या झावळीची विणलेली झुंबरं. गुढीच आठवते, फक्त शेंडा नम्रपणे खाली झुकलेला.

माझं मत विचाराल तर गलुंगानच्या आदल्या दिवशी, मंगळवारी पहाटे, गावात असा. पेंजोर त्या दिवशी उभे राहतात, अख्खी आळी कामाला लागलेली असते. त्या दिवशी घरोघरी डुकरं कापतात आणि पुरुषमंडळी फळीवर सुऱ्यांचा ठेका धरून ‘लावार’ या पदार्थासाठी मांस बारीक करतात. शाकाहारी मंडळींनी हे माहीत असूनच जावं, तिथे तोंड फिरवणं बरं दिसत नाही.

याशिवाय प्रत्येक देवळाचा स्वतःचा वाढदिवस असतो, ‘ओदालान’. बेटावर देवळं हजारोंनी आहेत, त्यामुळे कुठे ना कुठे ओदालान चालूच असतो. मुक्कामाच्या घरमालकिणीला विचारा. तिला वेबसाइटपेक्षा जास्त माहीत असतं.

ताई, देवळात आत कुठपर्यंत जाता येतं?

बाली देवळात एकामागे एक तीन अंगणं असतात. बाहेरचं ‘जाबा’, मधलं ‘जाबा तंगाह’ आणि सर्वांत आतलं ‘जेरोआन’. मार्च २०२५ मध्ये राज्यपालांनी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे पर्यटकांनी मधल्या आणि आतल्या पवित्र भागात जायचं ते फक्त पूजेसाठी, बाली पोशाखात. प्रत्यक्षात कोणतं देऊळ कुठली रेषा पाळतं ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नसेल तर दारातल्या ‘पचालांग’ला विचारा. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले हे गावाचे राखणदार, त्यांचा शब्द शेवटचा.

‘देवाचा फोटो घेता येईल का?’ हा उपप्रश्नही येतो. आपल्यासारखा गाभारा आणि मूर्ती तिथे नसते. मुख्य जागी ‘पद्मासन’ असतं, दगडाचं उंच रिकामं सिंहासन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मूर्ती चोरीला गेली की काय असंच वाटलं होतं.

आम्ही हिंदूच आहोत. मग आम्हाला आत सोडतील ना?

पासपोर्टवरचा देश आणि आडनाव बघून कोणी सोडत नाही. ‘वी आर ऑल्सो हिंदू’ म्हणत दार ओलांडणारी आपली मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मागे कसनुसा हसणारा पचालांगही. पूजेला यायचं असेल तर तसं सांगा. पोशाख पूर्ण करा, पुजाऱ्याला, म्हणजे ‘पमांगकू’ला, हात जोडून विचारा. बहुधा आनंदानं बसवून घेतात.

मग मात्र कॅमेरा पिशवीत. पाच वेळा हात जोडायचे असतात: पहिल्यांदा आणि शेवटी रिकामे, मधल्या वेळी बोटांच्या टोकांत फूल धरून. नंतर तीर्थ येतं. शिंपडतात, प्यायला देतात, तोंडावरून फिरवायला देतात. शेवटी ओले तांदूळ कपाळाला आणि कंठाला लावायचे. आपल्या अक्षताच. फुलं बोटांत धरून दुसऱ्या हातानं मोबाइल चालवणाऱ्याला तिथे कोणी रागावत नाही, पण पुढच्या वेळी बोलावतही नाही.

पाळी चालू असेल किंवा घरात सुतक असेल तर?

देवळात जायचं नाही. बालीत याला ‘चुंटाका’ किंवा ‘सेबेल’ म्हणतात. पाळी, घरातला मृत्यू, बाळंतपण, वाहती जखम, सगळं त्यात येतं. परिपत्रकातही पाळीचा उल्लेख आहे. याबद्दल माझी स्वतःची मतं आहेत आणि ती तुमच्यासारखीच असतील, पण पाहुणी म्हणून गेल्यावर यजमानाच्या घरचं सोवळं पाळते. तपासायला कोणी येत नाही, सगळं तुमच्या सांगण्यावर असतं. त्या दिवसांत मी बाजार, शेतं, लाकडात कोरीवकाम करणाऱ्यांचं मास आणि सोनारांचं चेलुक ही गावं करते.

विधी चालू असताना उभं कुठे राहायचं?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा, आणि विचारतात मात्र सर्वांत कमी.

माझीच फजिती सांगते. उबुदजवळच्या एका गावात ओदालान होता. अंगणात दोनशे माणसं जमिनीवर बसलेली, पांढरे सदरे, पिवळी वस्त्रं, उदबत्त्यांचा धूर. मला वरून चौकट हवी होती म्हणून मी एका रिकाम्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढले. दोन फोटो झाले असतील, तेवढ्यात कोणीतरी माझ्या सालेंदांगचं टोक हलकेच ओढलं. साठीचे एक पचालांग. बोलले काहीच नाहीत, फक्त तळहात जमिनीकडे करून दोनदा खाली दाबला. तेव्हा ध्यानात आलं: समोर घंटा वाजवत बसलेल्या पमांगकूंच्या डोक्यापेक्षा माझे पाय वर होते. तो ओटाही रिकामा नव्हता, नैवेद्य ठेवायचा होता.

बालीत उंचीला अर्थ आहे. डोकं पवित्र, पाय अपवित्र. डोंगराकडची दिशा थोर, समुद्राकडची धाकटी. म्हणून पुजाऱ्यापेक्षा आणि नैवेद्यापेक्षा उंच जायचं नाही. सगळे बसले की आपणही बसायचं. हात जोडणाऱ्यांच्या समोरून जायचं नाही. जायचंच झालं तर मागून, वाकून. पाय कोणाकडे करायचे नाहीत. फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद. बाजूच्या भिंतीला टेकून, मांडी घालून, ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या लेन्सने काम होतं. खालच्या उंचीवरून हात आणि फुलं चौकटीत येतात, वरून नुसती डोकी येतात. हे त्या आजोबांनी शिकवलं असं मी मानते.

दारात, फुटपाथवर जे फुलांचे द्रोण ठेवलेले असतात त्यांचे फोटो काढले तर चालतं का?

जरूर काढा, फक्त ओलांडू नका. नाव ‘चनांग सारी’. कोवळ्या झावळीची तळहाताएवढी चौकोनी परडी, काड्यांनी टाचलेली. फुलं दिशेप्रमाणे: पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. वर कधी एखादं बिस्किट, कधी चॉकलेट, आणि सिगरेटसुद्धा. उदबत्ती जळतेय तोवर नैवेद्य चालू आहे असं समजायचं. विझली की कुत्री आणि चिमण्या ताबा घेतात आणि कोणाला वाईट वाटत नाही. फोटो नीट दिसावा म्हणून परडी हलवू नका, फूल सरळ करू नका.

याच्याही आधी, सकाळचा भात झाल्या झाल्या, घरातली बाई केळीच्या पानाच्या बोटभर तुकड्यांवर चिमूट-चिमूट भात ठेवते: चुलीवर, पाण्याच्या जागी, उंबऱ्याशी. याला ‘साइबान’ म्हणतात. हे झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. मला माझ्या आजोबांच्या चित्राहुती आठवल्या. हा फोटो हवा असेल तर होमस्टेमध्ये राहा आणि सहा-साडेसहाला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायची परवानगी आदल्या रात्री मागून ठेवा.

गावातल्या माणसांना फोटोसाठी विचारायचं कसं? भाषा येत नाही.

कॅमेरा खाली, चेहरा वर, आणि ‘पर्मिसी, बोलेह फोतो?’ इंडोनेशियन सगळ्यांना येतं. नमस्कार बाली भाषेत करा, ‘ओम स्वस्त्यस्तु’. मराठी जिभेला काही कष्ट नाहीत. आभार ‘सुक्स्मा’. समोरच्याला नुसतं ‘हॅलो’ करू नका. आपल्या वयाच्या पुरुषाला ‘ब्ली’, म्हणजे दादा. बाईला ‘म्बोक’, म्हणजे ताई. वडीलधाऱ्यांना ‘पाक’ आणि ‘बू’. नाव विचारलंत तर बहुधा वायान, मादे, न्योमान, केतुत यांतलं एखादं निघेल. पहिलं ते चौथं मूल अशा क्रमानं ही नावं ठेवतात आणि पाचव्याला पुन्हा वायान.

नकार तोंडानं क्वचित येतो. हसून मान वळवली, हातातल्या कामाकडे पाहिलं, की तो नकार. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारून. हे आपल्याकडेही पाळायला हवंच.

ओढ्यावर, नदीवर आंघोळ करणाऱ्यांचे फोटो?

नाही. गावात अजून संध्याकाळी ओढ्यावर आंघोळी होतात आणि तिथे असलेले सगळे एकमेकांना न पाहिल्यासारखं वागतात. तुम्हीही तसंच वागा. तीर्ता एम्पुलसारख्या तीर्थावरचं ‘मलुकात’, म्हणजे शुद्धिस्नान, ही वेगळी गोष्ट. काठावरून दूरचा फोटो चालतो, पण ओल्या कपड्यांतल्या अनोळखी बाईवर टेलिफोटो लावणं तिथेही वाईटच.

फोटोचे पैसे द्यायचे का?

तगालालांगच्या भातखाचरांत कावड खांद्यावर घेऊन उभे राहणारे आजोबा त्यासाठीच उभे असतात. तिथे आधी ठरवून पैसे द्यायचे, नंतर कुरकुर नको. घरगुती विधीला बोलावलं तर हातात नोटा देऊ नका. साखर, कॉफी, फळं न्या. देवळात दानपेटी असते, ‘दाना पुनिया’ लिहिलेली. शब्द ओळखीचा वाटला ना?

अंत्यविधीचे फोटो काढणं बरं दिसतं का?

आपल्याला अवघड वाटतं, त्यांना वाटत नाही. ‘ङाबेन’ (वाङ्मयातला ङ) हा निरोप आहे. रडलं तर जीवाची वाट अडते असं मानतात, म्हणून मिरवणुकीत दणदणीत वाद्यं, हसणं, पाण्याचे फवारे. उंच मनोरा ‘बादे’ माणसं खांद्यावर नेतात आणि चौकात गरगर फिरवतात, आत्म्याला घरची वाट सापडू नये म्हणून. स्मशानात देह बैलाच्या आकाराच्या पेटीत, ‘लम्बू’मध्ये, ठेवून अग्नी देतात.

पाहुण्यांना सहसा मज्जाव नसतो. सारोंग हवाच. चौकाच्या मधोमध उभं राहू नका. फिरणारा मनोरा आणि त्याखालचे पन्नास जण तुमच्यासाठी थांबत नाहीत. खर्च मोठा असल्यामुळे पुष्कळ गावांत आधी पुरलेल्यांचा काही वर्षांनी सामुदायिक ङाबेन होतो. त्यात अस्थी उकरून, धुऊन, गोळा करतात. तिथे घरची माणसं अगदी निराळ्या मनःस्थितीत असतात. कोणी स्वतःहून बोलावलं नाही तर कॅमेरा बाहेर काढू नये.

नाच चालू असताना कोणाच्या अंगात आलं तर?

आधी नाच कुठला ते बघा. बालीत नाचांचे तीन थर मानतात: ‘वाली’ देवासाठी, ‘बबाली’ मधला, ‘बालिह-बालिहान’ लोकांसाठी. युनेस्कोने २०१५ मध्ये वारसा म्हणून नोंदवले ते याच तीन प्रकारांतले नाच. उलुवातूच्या कड्यावर संध्याकाळी होणारा केचाक, म्हणजे ‘चाक-चाक’ असा ठेका धरणाऱ्या पुरुषांचा नाच, तिसऱ्या थरातला. आजचं त्याचं रूप १९३० च्या दशकात, चित्रकार वॉल्टर श्पीसच्या सहभागानं, घडलं. तिथे बिनधास्त फोटो काढा, फक्त माकडांपासून चष्मा आणि लेन्सकॅप सांभाळा. ती पळवतात आणि फळ दिल्याशिवाय परत देत नाहीत.

गावच्या देवळात रात्री होणारं चालोन आरांग (चेटकिणीच्या कथेचं नाट्य) किंवा बारोंग-रांगदा (राखणदार प्राणी आणि चेटकीण यांची झुंज) वेगळं. तिथे खरोखर अंगात येतं. माणसं क्रिस नावाची कट्यार स्वतःच्या छातीवर रोखतात, मध्येच प्रेक्षकांत धावतात. फ्लॅश अजिबात नको, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून उभं राहा, गडबड झाली तर माणसांबरोबर सरका. पमांगकू तीर्थ शिंपडून अंगात आलेल्याला शांत करतात, तो क्षण फोटोसाठी फार मोहाचा असतो. मी तो काढत नाही. शुद्धीवर येणारा माणूस लहान मुलासारखा भांबावलेला दिसतो.

न्येपीला फोटोग्राफरनं काय करायचं?

आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’, राक्षसांचे अवाढव्य पुतळे, रस्त्यांतून नाचवतात. तेव्हा पोटभर काढा. पुढचे २४ तास, सकाळी सहा ते सहा, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. रस्त्यावर फक्त पचालांग. हॉटेलच्या आवारातून बाहेर डोकावायचं नाही. आकाश निरभ्र असेल तर अंगणातून दिसणारे तारे मात्र तुमचे. ट्रायपॉड जवळ ठेवा, टॉर्च लावू नका.

लेम्पुयांग देवळाच्या फोटोंत दाराखाली दिसतं ते तळं कुठे आहे?

नाहीच आहे. मोबाइलच्या लेन्सखाली आरसा धरतात. त्यासाठी लोक काही तास नंबर लावून ताटकळतात.

त्रुन्यानला जाऊन कवट्यांचे फोटो काढावेत का?

बातूर सरोवराकाठच्या या जुन्या गावात देह जाळत नाहीत, ‘तारू मन्यान’ झाडाखाली उघड्यावर ठेवतात. पर्यटकांना होडीनं नेतात. मी एकदा गेले, पुन्हा जाणार नाही. गेलातच तर काही हातात घेऊ नका आणि शेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढू नका.

कोंबड्यांच्या झुंजीचे फोटो?

विधीचा भाग म्हणून रक्त सांडायची प्रथा आहे, ‘ताबूह राह’. पण त्याच्या आडून जुगार चालतो आणि जुगार बेकायदा आहे. ओळखीच्या कोणी नेल्याशिवाय जाऊ नका आणि लोकांचे चेहरे दाखवू नका.

ड्रोन उडवता येईल का?

उंचीबद्दल वर जे लिहिलंय त्यातून उत्तर कळलं असेल. देवळावर, मिरवणुकीवर, पूजेवर ड्रोन म्हणजे मी ओट्यावर चढले त्या चुकीच्या शंभरपट चूक. विमानतळाच्या परिसरात बंदी आहेच. जातिलुविहच्या भातशेतीसारख्या जागी आधी व्यवस्थापनाला विचारा.

कॅमेऱ्याची काय काळजी घ्यावी?

एसी खोलीतून थेट बाहेर आलात तर लेन्सवर धुकं धरतं आणि पहाटेचा उजेड निघून जातो. रात्री पिशवी बंद करून खोलीच्या सर्वांत कमी गार कोपऱ्यात ठेवा, निघण्याआधी अर्धा तास व्हरांड्यात. पांढरे सदरे आणि सावळे चेहरे एकाच चौकटीत असतात, तेव्हा सदऱ्याच्या पांढऱ्याला सांभाळून एक्सपोजर घ्या, चेहरे नंतर उजळता येतात. विषुववृत्त जवळ असल्यामुळे संध्याकाळ झटकन संपते. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, छत्री हवी.

प्री-वेडिंग किंवा पैसे घेऊन शूट करायचं असेल तर?

आपल्याला विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा (५,००,००० रुपियाह) फिरायला आहे, कमवायला नाही. कामासाठी वेगळा व्हिसा आणि जागेची परवानगी लागते. स्थानिक एजन्सीमार्फत करा. १४ फेब्रुवारी २०२४ पासून १,५०,००० रुपियाह पर्यटन शुल्कही आहे, ते परदेशी पर्यटकांना. जाहिरातीत कोणाचा चेहरा वापरणार असाल तर इंडोनेशियाच्या २०१४ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या माणसाची लेखी संमती हवी.

नकळत काही चूक झाली तर?

लगेच थांबा, हात जोडा, ‘अम्पुरा’ म्हणा. बहुतेक वेळा तिथेच मिटतं. देवळाचं पावित्र्य भंगलं असं गावाला वाटलं तर ‘गुरू पिदुका’ हा क्षमायाचनेचा विधी करावा लागतो. तो करायला सांगितला तर हुज्जत घालू नका. पवित्र झाडावर नग्न फोटो काढणाऱ्या परदेशी पर्यटकांना देशाबाहेर काढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

काढलेले फोटो त्या लोकांना द्यायचे का?

व्हॉट्सअॅपवर तिथल्या तिथे पाठवता येतात, पण कागदावरचा फोटो द्या. मी उबुदमध्ये छापून घेते आणि निघायच्या आदल्या दिवशी वाटते. सालेंदांग ओढणाऱ्या त्या आजोबांना पुढच्या फेरीत त्यांचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला आणि मला विचारलं, ‘हा बसून काढलास ना?’